कात्रीची किमया
लोट्टे रायनिगर यांचा जन्म १८९९ साली बर्लिन येथे झाला. काळ्या कागदातून आकृती कातरण्याचा छंद त्यांना बालपणापासून होता. पुढे त्या आकृतींचे अवयव तारेने जोडून त्या खालून उजळलेल्या काचेवर ठेवीत, किंचित हलवीत आणि दर वेळी कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपीत. एका सेकंदाच्या दृश्याला अशी चोवीस चित्रे लागत! तीन वर्षांच्या तपश्चर्येनंतर १९२६ साली त्यांचा राजपुत्र अहमदवरील चित्रपट पूर्ण झाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ती राजवट न रुचल्याने त्यांनी मायभूमी सोडली. परंतु कायमचा आसरा न मिळाल्याने देशोदेशी भटकावे लागले. १९४९ साली त्या लंडनमध्ये स्थिरावल्या. तेथे पन्नाशी उलटल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी परीकथांचे अनेक छायापट निर्मिले. १९८१ साली त्या निवर्तल्या. घरदार सुटले, पण हातातील कात्री त्यांनी कधी सोडली नाही.