आनंदीबाईंचा प्रबंध

ठाण्याच्या पुढे, उल्हास नदीच्या खाडीकाठी कल्याण हे पुरातन बंदर वसले आहे. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला येऊन पोहोचली. नवे युग गावाच्या वेशीशी आले. परंतु घराघरांतील माजघरांत त्याचा शिरकाव अजून व्हायचा होता. बाळंतिणीची खोली तर अंधारीच राहिली होती. परपुरुषाकडून तपासून घेण्यास स्त्रिया संकोचत, आणि त्यामुळे कित्येक दुखणी अंगावरच काढीत. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेली हिंदी स्त्री त्या काळी एकही नव्हती.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. तिचे बालपण कल्याणातच गेले. नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. माहेरचे आडनाव जोशी, सासरचेही जोशीच. नाव मात्र बदलले. यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव तिच्याहून वयाने पुष्कळ मोठे होते. स्वभावाने ते हट्टी व तापट होते. आपल्या पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा निश्चय होता. या शिस्तीचा जाच लहानग्या आनंदीस फार सोसावा लागला. तथापि हळूहळू विद्येची गोडी तिला स्वतःलाच लागली.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. योग्य उपचाराअभावी ते मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. अशी दुःखे त्या काळी घरोघर होती. लोक ती दैवावर सोपवीत आणि डोळे पुसून कामाला लागत. आनंदीबाईंनी मात्र आपल्या दुःखाला प्रश्न विचारला. वेळेवर उपचार मिळते, तर हे मूल वाचले नसते काय? आपण स्वतःच वैद्यक शिकलो, तर इतर मातांची बाळे वाचणार नाहीत काय? या प्रश्नांनी त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली.

आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे म्हणून गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला. तो तेथील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सी संस्थानातील कार्पेंटर नावाच्या एका सहृदय बाईंच्या दृष्टीस तो पडला, आणि त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आश्रय देऊ केला. पुढे गोपाळरावांची बदली बंगाल प्रांतात झाली. समुद्रपर्यटनाविरुद्ध लोकांनी चहूकडून टीका आरंभिली, तेव्हा आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण करून आपला हेतू निर्भयपणे सांगितला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या पतीवाचून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. हवा अतिशय थंड, अन्न परके, भाषा परकी. आनंदीबाईंनी आपला धर्म आणि शाकाहार सोडला नाही. प्रकृती खालावत चालली, तरी अभ्यासात खंड पडला नाही.

शिक्षणाच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थिनीस वैद्यकातील एखाद्या विषयावर प्रबंध लिहावा लागे. प्रबंध म्हणजे केवळ निबंध नव्हे. निबंधात आपणांस जे वाटते ते लिहिता येते. प्रबंधात मात्र प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. पूर्वसूरींनी काय म्हटले आहे ते शोधावे, ते पारखून घ्यावे आणि मगच आपले मत मांडावे, अशी त्याची रीत आहे. आनंदीबाईंनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या अज्ञानाने त्यांचे मूल हिरावून नेले होते, त्याच विषयावर त्यांनी लेखणी उचलली.

आपल्या प्राचीन वैद्यकात या विषयाचा पुष्कळ विचार झाला होता. सुश्रुतसंहितेत गर्भिणीचा आहारविहार, प्रसूती आणि अडलेले बाळंतपण यांची चर्चा आहे. तथापि अमेरिकेतील वाचकांना या ज्ञानाचा परिचय फारसा नव्हता. आनंदीबाईंनी एका हाती आयुर्वेदाचे ग्रंथ घेतले व दुसऱ्या हाती अमेरिकेतील नवी पाठ्यपुस्तके घेतली, आणि दोहोंच्या आधारे आपला प्रबंध सिद्ध केला. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते.

वैद्यकात लेखनाला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणाने ध्यानी येईल. व्हिएन्ना येथील इस्पितळात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. डॉक्टरांनी जंतुनाशक द्रवाने हात धुऊन मगच बाळंतिणीस तपासावे, असा नियम त्यांनी १८४७ साली घातला, आणि तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. परंतु आपल्या शोधावरचा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला तो १८६१ साली. मधल्या चौदा वर्षांत अनेकांना त्या शोधाची नीट माहितीच झाली नाही, आणि ज्यांना झाली त्यांतील पुष्कळांना तो पटला नाही. डॉक्टराचे हात आपल्यापुढच्या रोग्याला वाचवितात. त्याने नीट लिहून प्रसिद्ध केलेले ज्ञान दूरच्या, न पाहिलेल्या रोग्यांनाही वाचवू शकते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव व पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. परदेशी जाऊन अशी पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई या पहिल्या हिंदी स्त्री होत. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरविले. परंतु क्षयरोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. बाविसावे वर्षही त्यांना पुरे करता आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या माउलीने आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला स्थान दिले.

जे ज्ञान मिळविण्यासाठी आनंदीबाईंनी सातासमुद्रांपलीकडचा प्रवास केला, त्याचा उपयोग आपल्या देशभगिनींसाठी करण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. तथापि त्यांचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल? त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे कितीतरी हिंदी मुली डॉक्टर झाल्या. फिलाडेल्फियाचे ते विद्यालय कालांतराने ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाले. पण आनंदीबाईंचा प्रबंध तेथील संग्रहात जतन करून ठेवलेला आहे. कल्याणच्या एका मातेने आपल्या दहा दिवसांच्या बाळासाठी गाळलेल्या अश्रूंची शाई झाली, आणि ती शाई अद्याप पुसली गेलेली नाही.