कैदी क्रमांक ३०६६४ ते ओ. हेन्री

ओ. हेन्री या नावाने जगभर वाचले जाणारे अमेरिकन कथाकार विल्यम सिडनी पोर्टर यांचा जन्म ११ सप्टेंबर १८६२ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. काकांच्या औषधाच्या दुकानात काम करीत त्यांनी औषधविक्रीचा परवाना मिळविला आणि १८८२ मध्ये ते टेक्सासला गेले.

ऑस्टिन येथील एका बँकेत ते १८९१ पासून रोखपाल होते. बँकेचे हिशेब ढिसाळपणे ठेवले जात असत. पुढे तपासणीत तूट आढळली आणि अपहाराचा ठपका पोर्टर यांच्यावर आला. १८९६ मध्ये खटल्यासाठी निघालेले पोर्टर वाटेतूनच न्यू ऑर्लिन्समार्गे होंडुरासला निघून गेले. पत्नी अ‍ॅथोल क्षयाने अत्यवस्थ असल्याचे कळताच मात्र ते १८९७ मध्ये परतले व न्यायालयापुढे हजर झाले. जुलैमध्ये पत्नीचे निधन झाले. सुमारे ८५४ डॉलरच्या अपहाराबद्दल त्यांना १८९८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी खरोखर पैसे घेतले होते काय, याविषयी चरित्रकारांत आजही एकमत नाही. पळून जाण्याने मात्र त्यांची बाजू लंगडी झाली, हे उघड आहे.

ओहायो राज्याच्या कोलंबस येथील तुरुंगात ते कैदी क्रमांक ३०६६४ झाले. औषधांचे ज्ञान येथे उपयोगी पडले. तुरुंगाच्या रुग्णालयात रात्रपाळीचे काम मिळाल्याने कोठडीऐवजी तेथेच राहण्याची सोय झाली आणि लेखनाला निवांतपणा लाभला. हस्तलिखिते न्यू ऑर्लिन्समधील परिचितामार्फत संपादकांकडे जात, त्यामुळे लेखक कैदी असल्याचे कोणास कळत नसे. डिसेंबर १८९९ मध्ये एका कथेखाली ओ. हेन्री हे नाव छापून आले. धाकट्या मार्गारेटला वडील कामानिमित्त परगावी आहेत, एवढेच सांगण्यात आले होते.

चांगल्या वर्तणुकीमुळे २४ जुलै १९०१ रोजी त्यांची सुटका झाली. नाव बदलण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. फसवणुकीचा हेतू नसल्यास हवे ते नाव वापरण्याची मुभा अमेरिकेतील जुन्या कायदेपरंपरेत होती. आज त्याच टेक्सासमध्ये गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास नाव बदलावयाचे असेल, तर अर्जासोबत बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि शिक्षा संपल्यावर सर्वसाधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते. पोर्टर यांनी आपल्या मधल्या नावातील एक अक्षरही बदलले होते. इंग्रजीतील आयच्या जागी वाय आला.

१९०२ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कथेतील तिजोरीफोड्या जिमी व्हॅलेंटाइन तुरुंगातून सुटल्यावर काही काळाने नाव बदलून पादत्राणांचा व्यापारी बनतो. तिजोरीत अडकलेल्या बालिकेला वाचविताना तो आपली जुनी विद्या सर्वांदेखत वापरतो आणि मागावर आलेला गुप्तहेर त्याला न ओळखल्याचे दाखवितो. असा गुप्तहेर लेखकाच्या स्वतःच्या वाट्याला आला नव्हता.

५ जून १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. अल्फान्सो स्मिथ या बालमित्राने १९१६ मध्ये लिहिलेल्या चरित्रातून तुरुंगवासाची हकिकत सर्वांसमोर आली. अ‍ॅशव्हिल येथील त्यांच्या कबरीवर ओ. हेन्री नव्हे, तर वाय असलेले विल्यम सिडनी पोर्टर हेच नाव कोरलेले आहे. त्यांच्या नाताळच्या कथेतील डेलाजवळ होते तेवढे, १ डॉलर ८७ सेंट, वाचक तेथे ठेवून जातात.