दोन सायकली आणि लॉरेन्स

मागच्या डिसेंबरात बारामतीहून इंदापूरला निघालो होतो. निमगाव केतकीच्या अलीकडे उसाच्या वळणावर शाळेची दोन पोरं सायकलवर एकदम समोर आली. गाडी दाबून वळवली अन् थेट चारीत! हेल्मेट होतं, पण कोपराला अडकवलेलं. कपाळाला सहा टाके. पोरांना खरचटलंसुद्धा नाही. होस्टेलवर पडून असताना लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात टी. ई. लॉरेन्स भेटला.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पिक्चर बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १८८८ साली वेल्समध्ये जन्मलेला हा माणूस मुळात सायकलवाला. ऑक्सफर्डला शिकताना १९०८ च्या उन्हाळ्यात जुने किल्ले बघायला त्याने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला. (आपल्याला मेसपर्यंत जायचा कंटाळा!) पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर वाळवंटात राहून तुर्कांची रेल्वे उडवली, जगभर नाव झालं. आणि मग गडी चक्क नाव बदलून विमानदलात साधा शिपाई झाला. १९२७ मध्ये कराचीच्या तळावर होता. पुढे वेगवान बचाव-बोटींवर काम केलं. मेकॅनिकलवाल्यांना तो इथे जास्त जवळचा वाटेल. फेब्रुवारी १९३५ मध्ये नोकरी संपली, तेव्हा तळावरून निघाला तोही सायकलवरच.

पण जीव होता तो 'ब्रफ सुपीरियर' मोटरसायकलवर. १३ मे १९३५ ला तार करून घरी परतत होता. रस्त्याच्या खोलगट भागात दोन मुलं सायकलवर. त्यांना वाचवायला वळला आणि हँडलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध होता, १९ मे ला गेला. वय ४६.

त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी हाच विषय धरला. डोकं रस्त्यावर आपटून थांबतं, आतला मेंदू जडत्वाने पुढे जात राहतो. हेल्मेट थांबायचा वेळ जरासा वाढवतं. फर्स्ट इयरचंच गणित आहे. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले, हे त्यांनी १९४१ साली छापलं. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात सापडले, आणि सातही जगले. त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सगळ्यांसाठी कायदा यायला मात्र १९७३ उजाडलं. केर्न्स १९५२ मध्येच गेले होते.

टाके काढले त्या दिवशी रूम पार्टनर गाडी घेऊन भिगवणला निघाला. हेल्मेट कोपराला. मी खाली जाऊन चावीच काढून घेतली. अजून नीट बोलत नाही तो माझ्याशी.