दह्यावर भिस्त ठेवणारे मेचनिकॉफ

दिवेआगरला जेवणाशेवटी ताकभात खाणाऱ्याला एली मेचनिकॉफ आपलेच वाटतील. जन्म १८४५, खारकीव्हजवळ. कर्मभूमी पॅरिसची पाश्चर संस्था. मुंबईत प्लेगची लस बनवणारे हाफकिन त्यांचेच विद्यार्थी. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या शोधासाठी मेचनिकॉफना १९०८चे नोबेल विभागून मिळाले. आतड्यातल्या जंतूंच्या विषाने म्हातारपण येते, असे मानून ते वर्षानुवर्षे रोज विरजलेले दूध प्यायले. १९१६मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने गेले. त्यांचा लाडका दह्यातला जंतू आतड्यात मुक्काम करत नाही, हे नंतर कळले. आतड्यातल्या जंतूंचा प्रकृतीशी संबंध मात्र खरा निघाला. आज विष्ठेच्या तपासणीत त्या जंतूंची यादी हाती येते; निरोग्याची यादी कशी असावी, यावर अजून एकमत नाही.