मलबारचा नातू आणि त्याचा ‘सिद्धार्थ’

ज्या लेखकाच्या कादंबरीने पाश्चात्त्य तरुणांच्या दोन पिढ्यांना भारताची ओढ लावली, त्या हर्मन हेस्से यांनी भारताच्या मुख्य भूमीवर कधीच मुक्काम केला नाही. आई केरळात जन्मलेली, वडील मंगळुरूला राहिलेले, आजोबांची हयातीतील उमेदीची वर्षे मलबारात गेलेली. आणि नातू मात्र सिंहलद्वीपापर्यंत येऊन माघारी फिरला. ‘सिद्धार्थ’ ही त्यांची छोटेखानी कादंबरी समजून घेताना ही हुकलेली भेट ध्यानात ठेवावी लागते.

हेस्से यांचा जन्म २ जुलै १८७७ रोजी जर्मनीतील काल्व या लहानशा गावी झाला. आजोबा हर्मन गुंडर्ट हे धर्मप्रसारासाठी १८३६ मध्ये भारतात आले आणि भाषेच्या प्रेमात पडले. त्यांनी सिद्ध केलेला मल्याळम्-इंग्रजी कोश १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मल्याळम् भाषेचा अभ्यासक आजही त्या कोशाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. त्यांची कन्या मारी, म्हणजे हेस्से यांची आई, १८४२ मध्ये थलश्शेरी येथे जन्मली. वडील योहानेस यांनी मंगळुरू येथे मिशनचे काम केले. प्रकृती साथ देईना म्हणून ते युरोपात परतले. काल्वच्या घरात आजोबांच्या काचेच्या कपाटात भारतीय मूर्ती होत्या आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात दूरदेशीच्या आठवणी. येशूची प्रार्थना आणि मलबारच्या कथा या मुलाने एकाच छपराखाली ऐकल्या.

घराण्याने त्याच्यासाठी धर्मोपदेशकाचा मार्ग आखून ठेवला होता. १८९१ मध्ये त्याला माउलब्रॉनच्या धर्मशाळेत घालण्यात आले; काही महिन्यांतच तो तेथून पळाला. पुढची दोन-तीन वर्षे घोर मानसिक यातनांची गेली. मग घड्याळांच्या कारखान्यात उमेदवारी, त्यानंतर ट्यूबिंगन आणि बाझेल येथील पुस्तकांच्या दुकानांत नोकरी. १९०४ मध्ये ‘पेटर कामेनत्सिंड’ या कादंबरीने नाव मिळाले, त्याच वर्षी मारिया बेर्नुली यांच्याशी विवाह झाला. पुढे तीन पुत्र झाले. वरवर पाहता सारे स्थिरस्थावर होते.

तरीही १९११ च्या शरद ऋतूत चित्रकार मित्र हान्स श्टुर्त्सेनेगर यांच्यासह ते पूर्वेकडे निघाले. पेनांग, सिंगापूर, सुमात्रा आणि अखेरीस कँडी असा हा प्रवास झाला. उष्मा आणि पोटाचा विकार यांनी ते बेजार झाले. बुद्धांच्या दंतधातूचे मंदिर पाहिले, पण जे शोधायला आलो ते येथे सापडत नाही, ही खंत घेऊन वर्षअखेर ते परतले. आईचे जन्मस्थान पाहणे राहूनच गेले. या प्रवासावरील त्यांच्या पुस्तकाचे शीर्षक मात्र ‘भारतातून’ असे आहे! या शीर्षकातील विसंगती भारतीय वाचकाला खटकेल. पण त्यामागची आस खोटी नव्हती.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हेस्से स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. १९१४ च्या नोव्हेंबरात त्यांनी एका लेखाद्वारे लेखक-विचारवंतांना द्वेषाच्या सुरात सूर न मिसळण्याचे आवाहन केले. जर्मन वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरविले, अनेक जुन्या स्नेह्यांनी पाठ फिरविली. त्या एकाकी काळात पत्र लिहून आधार देणाऱ्यांत फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ हे प्रमुख होते. हेस्से जर्मन युद्धकैद्यांना पुस्तके पुरविण्याचे काम करीत राहिले. १९१६ मध्ये वडील वारले, धाकटा मुलगा गंभीर आजारी पडला, पुढे पत्नीचे मनःस्वास्थ्य ढासळले. स्वतः हेस्से यांना युंग यांचे शिष्य डॉ. लांग यांच्याकडे मनोविश्लेषणाचे उपचार घ्यावे लागले. १९१९ मध्ये कुटुंब विखुरले आणि ते एकटेच टिचिनो प्रांतातील मॉन्टान्योला या खेड्यात येऊन राहिले.

तेथे ‘सिद्धार्थ’ लिहिण्यास आरंभ झाला. उपनिषदांची डॉयसेन यांची भाषांतरे आणि बुद्धांच्या प्रवचनांची नॉयमान यांची भाषांतरे त्यांनी आधीच वाचली होती. पहिला भाग झपाट्याने उतरला. तो रोलाँ यांना अर्पण केलेला आहे. ब्राह्मणपुत्र सिद्धार्थ घर सोडतो, श्रमणांत राहतो, जेतवनात गौतम बुद्धांना भेटतो आणि त्यांच्यापुढे नतमस्तक होऊनही संघात सामील होत नाही. उपदेश निर्दोष आहे, परंतु बोधीचा क्षण उपदेशातून दुसऱ्याला देता येत नाही, अशी त्याची धारणा. मित्र गोविंद मात्र भिक्षू होतो. मग कमला ही गणिका, कामस्वामी हा व्यापारी, द्यूत, मद्य, शीण. आणि येथे लेखणी थांबली. सुमारे दीड वर्ष ती हलली नाही.

कारण सरळ होते. शोधणारा, तप करणारा, दुःख भोगणारा सिद्धार्थ हेस्से यांनी जगून पाहिला होता. शांती लाभलेला सिद्धार्थ त्यांच्या अनुभवात नव्हता. केवळ वाचनाच्या बळावर तो रंगविता आला असता. कित्येकांनी तसे केलेही असते. हेस्से यांनी ते नाकारले. एकांतवास, ध्यान, चित्रकला आणि १९२१ मध्ये स्वतः युंग यांच्याशी झालेल्या काही बैठका, यांतून वाट काढीत त्यांनी १९२२ च्या वसंतात कादंबरी पूर्ण केली. दुसरा भाग त्यांनी जपानमध्ये राहणाऱ्या विल्हेल्म गुंडर्ट या मामेभावाला अर्पण केला. त्याच वर्षी लुगानो येथे बंगालचे इतिहासकार कालिदास नाग यांची त्यांच्याशी भेट झाली. पुस्तक ऑक्टोबरमध्ये बर्लिनहून प्रसिद्ध झाले.

कादंबरीचे प्राण त्या शेवटच्या भागात आहेत. सिद्धार्थ वासुदेव नावाच्या नावाड्याजवळ राहतो आणि नदीचे ऐकावयास शिकतो. पण ज्ञानाची वाट येथेही सरळ नाही. कमलेपासून झालेला त्याचा मुलगा त्याला झिडकारून निघून जातो; ज्याने एके काळी स्वतःच्या पित्याला असेच सोडले होते, त्याला आता तीच वेदना पुत्राकडून मिळते. तीन मुलांपासून दूर राहणाऱ्या लेखकाने ही पाने लिहिली आहेत, हे विसरता येत नाही.

मराठी वाचक हे पुस्तक बुद्धचरित्राच्या अपेक्षेने उघडतो. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत उभारलेल्या महाविद्यालयाचे नावच सिद्धार्थ आहे. अशा प्रदेशात ती अपेक्षा स्वाभाविक होय. येथे मात्र बुद्ध आणि सिद्धार्थ या दोन भिन्न व्यक्ती आहेत. प्रथम भागात चार आणि द्वितीय भागात आठ प्रकरणे आहेत; त्यांत चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग यांची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. आशय तपासला तर उपनिषदांतील एकत्व आणि लाओत्सेचा जलप्रवाह यांचा अंश बौद्ध विचाराहून कमी नाही. अनात्मवाद तर येथे जवळजवळ नाहीच. बौद्ध तत्त्वज्ञानाचे पाठ्यपुस्तक म्हणून ही कादंबरी वाचणाऱ्याची म्हणूनच फसगत होते; गुरू नाकारणाऱ्या शिष्याची कथा म्हणून ती वाचावी.

त्यानंतर ‘श्टेपेनवोल्फ’ (१९२७) आली. नाझी राजवटीत जर्मनीत छपाईस परवानगी न मिळालेली ‘काचमण्यांचा खेळ’ ही कादंबरी १९४३ मध्ये झुरिचहून प्रसिद्ध झाली. १९४६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; प्रकृतीच्या कारणाने ते समारंभास गेले नाहीत. ‘सिद्धार्थ’चा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत १९५१ मध्ये निघाला, तरी त्याची खरी लाट उसळली ती साठच्या दशकात. ती पाहण्यास हेस्से नव्हते. ९ ऑगस्ट १९६२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, मॉन्टान्योला येथे त्यांचे निधन झाले.

दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, कॉनरॅड रुक्स यांनी कादंबरीवर चित्रपट काढला. शशी कपूर सिद्धार्थ झाले, सिमी गरेवाल कमला, आणि चित्रीकरण भारतातच झाले. थलश्शेरीत आजोबा गुंडर्ट यांचा पुतळा आहे.