किहीमचे खोपे

बँकेच्या नोकरीत माझ्या शिफारशीने शेकडो कर्जप्रकरणे मंजूर झाली. त्यांतले एक मला अजून विसरता आलेले नाही. कर्ज बुडाले, असे काही घडले नाही. कर्जदार सज्जन होता, कागदपत्रे चोख होती, प्रत्येक हप्ता वेळच्या वेळी आला. बँकेच्या दृष्टीने ते आदर्श प्रकरण होते. खुपते ते वेगळेच.

१९९० सालचा श्रावण होता. अलिबाग तालुक्यातल्या एका शाखेत मी अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मुंबईचे एक गृहस्थ किहीमजवळ सुट्टीतले घर बांधणार होते आणि मी जागेची पाहणी करायला गेलो होतो. सातबारा, बिनशेतीचा आदेश, नकाशा, सगळे जुळत होते. वाडीच्या कडेला एक पडकी विहीर होती. विहिरीवर शिंदीची दोन-तीन झाडे झुकलेली आणि त्यांच्या झावळ्यांना सुगरणीचे वीस-पंचवीस खोपे लोंबकळत होते. मी घटकाभर पाहत उभा राहिलो. नंतर अहवालात जागेवरील झाडांच्या रकान्यात लिहिले: उत्पन्न देणारी झाडे नाहीत. शब्दन् शब्द खरा होता. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा विहीर बुजवलेली होती, शिंदी तोडलेल्या होत्या आणि जोत्याचे काम सुरू होते.

त्याच हिवाळ्यात वाचनालयातून सलीम अलींचे आत्मचरित्र हाती आले. १९८५ साली आलेले ते पुस्तक वाचता वाचता मी किहीमच्या पानांवर थबकलो. माझ्या आधी साठ वर्षे याच गावात एक बेकार तरुण सुगरणीच्या खोप्यांसमोर दिवसचे दिवस बसून होता. मी घटकाभर पाहून जे लिहिले आणि त्याने महिनोन्महिने पाहून जे लिहिले, त्यांतले अंतर मला त्या दिवशी उमगले.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. दहा भावंडांत ते धाकटे. वडील गेले तेव्हा वर्षाचे आणि आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीच्या घरात वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता. त्या काळी निसर्गावर प्रेम आणि हातात बंदूक यांत कुणाला विसंगती वाटत नसे. छोट्या सलीमलाही छऱ्यांची बंदूक मिळाली आणि चिमण्या टिपण्याचा छंद लागला.

अशीच टिपलेली एक चिमणी त्याला वेगळी वाटली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांना सांगता येईना, म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. साल १९०८ च्या आसपासचे. फोर्टातल्या कचेरीत मानद सचिव मिलार्ड या इंग्रज गृहस्थापुढे बुजरा, दहा-बारा वर्षांचा पोर चिमणी घेऊन उभा राहिला. मिलार्डने ती ओळखली आणि कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. एका मोठ्या माणसाने आपल्या कामाचा अर्धा तास एका मुलाला दिला. त्या अर्ध्या तासाने हिंदुस्थानला पक्षिशास्त्रज्ञ दिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. कॉलेजात गणिताने छळले. मग कुटुंबाच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला ते ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. तिथल्या जंगलात धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक लक्ष गेले. १९१७ मध्ये परत आल्यावर दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीसी शिकले, आणि सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या सांगण्यावरून प्राणिशास्त्रही. सकाळी जमाखर्च आणि मग प्राणिशास्त्र! माझ्यासारख्या बँकवाल्याला हा तपशील विशेष जवळचा वाटतो. १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. त्या इंग्लंडात शिकलेल्या, पण नवऱ्याबरोबर रानात तंबूत राहायला कधी कुरकुरल्या नाहीत.

हाती पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्याची नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये दरमहा ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शास्त्रशुद्ध पक्षिविद्या शिकून १९३० मध्ये परतले. येऊन पाहतात तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! चौतीस वर्षांचे वय, परदेशी शिक्षण आणि हाताला काम नाही. मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पती-पत्नी खाडीपलीकडे किहीमला राहायला आली.

पावसाळा होता आणि घराजवळच सुगरणींची वसाहत भरली होती. सलीम अलींनी आडोसा उभारला आणि त्यात बसून ते नोंदी करू लागले. कोणत्या खोप्यावर कोण आले, कधी आले, काय आणले, सारे वहीत उतरू लागले.

आपल्या भाषेत या पाखराला सुगरण हे बाईमाणसाचे नाव आहे. बहिणाबाईंनीही तिला आईच मानले. पण खोपा विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचे डोके आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. गवताच्या पात्यांच्या आणि झावळीच्या लांब चिरफळ्या काढून तो विणायला बसतो. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की माद्यांचा थवा पाहणीला येतो. आत शिरून, ओढून, तपासून एखादी मादी पसंती देते. मग नर अंड्यांची कोठी आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. मादी आत मऊ अस्तर लावते आणि अंडी घालते. एवढे झाले की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. पिलांचा भार बहुतेक आईवरच. ज्याला कुणी पसंत केले नाही, तो खोपा अर्धाच लोंबत राहतो.

मी पाहणी केली ती जागेची आणि त्या माद्या पाहणी करतात तीही जागेचीच. फरक इतकाच की त्या आत शिरून पाहतात.

हा शोध १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि सलीम अलींचे नाव झाले. मिळकत मात्र काही झाली नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानांनी प्रवासखर्च तेवढा द्यावा, आपण मेहनताना न घेता त्यांच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देऊ. हैदराबाद झाले, त्रावणकोर-कोचीन झाले, पुढे कच्छही. बैलगाडी, तंबू, कंदील असा संसार. तेहमिना बेगम सोबत असत आणि त्यांच्या लिखाणावर हातही फिरवीत. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली खचले. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवर आपल्या घरी नेले. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक आले. सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवणारे ते पुस्तक नेहरूंनी तुरुंगातून आपल्या मुलीला पाठवले होते.

या ओळखीचा उपयोग त्यांनी स्वतःसाठी केला नाही. भरतपूरचे तळे राजेलोकांच्या शिकारीचे. १९३८ मध्ये तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेतीला द्यावे, अशी मागणी झाली, तेव्हा ते नेहरूंकडे गेले आणि तळे वाचले. केरळमधली सायलेंट व्हॅली धरणाखाली जाणार होती. तिथेही त्यांनी शब्द टाकला. १९८३ मध्ये तो प्रकल्प सोडण्यात आला. परदेशातून पन्नास हजार डॉलर्सचे पारितोषिक मिळाले, ते त्यांनी निसर्गरक्षणासाठी सोसायटीकडे सोपवले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला, तेव्हा सत्तरी उलटली होती. गंमत म्हणजे हे गृहस्थ मोटारसायकलचे शौकीन. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली फटफटी बोटीवर चढवली होती.

त्यांना देव करण्याचे मात्र कारण नाही. भरतपुरात गुरे-म्हशींना चराई बंद करावी, या मताचे तेही होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी खवळले आणि गोळीबारात माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात उलटे दिसून आले. म्हशी गेल्या, गवत माजले, तळ्याची उघडी पाणथळ गुदमरली आणि पक्ष्यांची अडचण झाली. माणूस आणि त्याची गुरे हीसुद्धा त्या रानाचा भाग होती. ही चूक उघड झाली तीही जागेवर बसून वर्षानुवर्षे मोजदाद केल्यामुळे, म्हणजे सलीम अलींनी किहीमला घालून दिलेल्या पद्धतीनेच. ते पाहायला ते नव्हते. २० जून १९८७ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले.

लहानपणी सुट्टीत ते चेंबूरला जात. तेव्हा चेंबूर मुंबईबाहेरचे, शेतांचे आणि झाडीचे होते. त्यांच्या हयातीतच शेजारी माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले. किहीमचे तसे झालेले नाही, पण वाड्यांच्या जागी बंगले दाटले आहेत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला उतरता येते.

कर्ज नाकारायला हवे होते, असे मी म्हणत नाही. नियमात ते बसत होते आणि घर बांधणे हा काही गुन्हा नाही. पण विहिरीवरच्या शिंदी राहू द्याल का, एवढे त्या सज्जन गृहस्थाला विचारता आले असते. जोते विहिरीपासून दूर होते. कदाचित तो हसून हो म्हणाला असता. मी विचारलेच नाही. रकान्यात खोप्यांना जागा नव्हती, आणि रकान्याबाहेर लिहायची मला सवय नव्हती.

गेल्या पावसाळ्यात नातीला घेऊन अलिबागला गेलो. खारेपाटाच्या बांधावर बाभळीला खोपे दिसले, काही तर विजेच्या तारांना टांगलेले. छत्री धरून आम्ही तासभर उभे राहिलो. तिने वहीत तारीख, वेळ आणि खोपे लिहिले: पुरे सात, अर्धे अकरा. अर्ध्यांचे काय होणार, या चिंतेत ती परतीच्या बोटीवर गप्पच होती. घरी आल्यावर आजीला तिने पहिली बातमी दिली ती ही, की घर बाबा बांधतो.

वाचकहो, सुगरणीची वीण पावसाळ्यातच असते. जवळपास कुठे खोपे असतील तर एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. आणि ते झाड ज्याच्या जागेत आहे त्याची गाठ पडलीच, तर तेवढे विचारून या.