वीर यशवंतराव घाडगे

सह्याद्रीच्या पायथ्याशी, पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुका आहे. या मुलखात पाऊस उदंड, परंतु जमीन थोडी. भात आणि नाचणी यांवर येथील शेतकरी गुजराण करीत. पुष्कळ तरुण पोटासाठी मुंबईची वाट धरीत. कित्येक जण पलटणीत नाव नोंदवीत. याच तालुक्यातील पळसगाव नावाच्या खेड्यात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला.

वयात येताच यशवंतराव मराठा पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाले. पुढे त्यांना नाईक हा हुद्दा मिळाला. सैन्यात हा हुद्दा लहानच. नाईकाच्या हाताखाली मूठभर शिपायांची एक तुकडी असते. तो त्यांच्याबरोबरच जेवतो, त्यांच्याबरोबरच चालतो, आणि लढाईत त्यांच्या पुढे असतो.

त्या काळी दुसरे महायुद्ध चालू होते. भारतावर इंग्रजांचे राज्य होते. आपला देश स्वतंत्र नसतानाही लक्षावधी भारतीय जवान हिटलर व मुसोलिनी यांच्या सैन्यांविरुद्ध दूरदूरच्या रणांगणांवर लढत होते. इटलीत लढणाऱ्या भारतीय जवानांची संख्या सुमारे ५०,००० होती. यशवंतरावांची तिसरी बटालियनही त्यांत होती.

जून १९४४ मध्ये रोम शहर जर्मनांच्या हातून सुटले. जर्मन सेना उत्तरेकडे मागे हटू लागली. परंतु प्रत्येक टेकडीवर ती कडवा प्रतिकार करी. रोम ज्या टायबर नदीच्या काठी वसले आहे, त्याच नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटण पुढे सरकत होती.

१० जुलै १९४४ चा तो दिवस. पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. यशवंतरावांची तुकडी पुढे जात असता अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. पाहता पाहता तुकडीतील सर्व शिपाई ठार अथवा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. पाठीशी कोणीही नव्हते आणि हे त्यांना ठाऊक होते. तरीही क्षणभरही न कचरता ते थेट त्या मशीनगनवर धावून गेले. त्यांनी हातबाँब फेकला, तोच मशीनगन व ती चालविणारा निकामी झाले. दुसऱ्या एका सैनिकाला त्यांनी आपल्या टॉमीगनने टिपले. इतक्यात गोळ्या संपल्या. नव्या भरावयास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याच्या तडाख्यांनी त्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. ठाणे हाती आले; परंतु आडोशाला दडलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच यशवंतरावांनी प्राण सोडला. त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक जाहीर झाले. ब्रिटिश सैन्यात याहून मोठे शौर्यपदक नाही. ते स्वीकारण्याचे दुःखद भाग्य त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आले. इटलीतील त्या युद्धात ५,७८२ भारतीय जवान कामी आले. त्यांतील प्रत्येकाच्या मागे असेच एखादे घर पोरके झाले होते.

माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. ज्या सूर्याच्या प्रकाशात पळसगावची भातखाचरे पिकतात, त्याच सूर्याची छाया तेथे वेळ दाखविते. यशवंतराव ना सेनापती होते, ना सरदार. एका खेड्यातील तो साधा नाईक होता. पण सोबती पडल्यावर, आज्ञा देणारा कोणी जवळ नसताना, त्याने आपले कर्तव्य अर्ध्यावर सोडले नाही. म्हणूनच दोन देशांतील लोक त्याचे नाव आदराने घेतात.